हृदयाची धडधड : घाबरावे केव्हा, धावावे केव्हा?

(संस्थेच्या सभागृहातील रविवारच्या आरोग्य व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच सभागृहात दर रविवारी सकाळी रक्तदाब आणि साखर तपासण्यासाठी आम्ही तिघे जण बसतो. दोन डॉक्टर आणि एक परिचारिका. हे भाषण आम्ही तिघांनी मिळून तयार केले आहे, म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो. विषय कोणता घ्यावा, असे पदाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा मधुमेह, रक्तदाब, व्यसनमुक्ती असे अनेक विषय समोर होते. तरी आम्ही 'छातीत धडधडणे' हा साधा वाटणारा विषय निवडला. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे आमच्या हातून झालेली एक चूक.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पस्तिशीच्या आतबाहेरची एक ताई आमच्याकडे आली. चार घरची स्वयंपाकाची कामे करणारी, नवरा वारलेला, मुलगी दहावीला. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, छातीत पाखरू फडफडल्यासारखं होते. जिना चढले का दम लागते." आम्ही रक्तदाब पाहिला, तो बरोबर होता. मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजली, चारने गुणले, अठ्ठ्याऐंशी आली. त्या दिवशी रांगेत चाळीस माणसे होती. आम्ही म्हणालो, "ताई, टेन्शन घेऊ नका, झोप नीट घ्या," आणि ताकदीच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले.

चार महिन्यांनी ती सकाळी कणीक मळता मळता खाली कोसळली. उजवा हात लुळा पडला, बोलणे बंद झाले. रुग्णालयातील तपासणीत कळले की लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापामुळे तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती. त्यामुळे हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत होता. तेथे साकळलेली रक्ताची गुठळी मेंदूत गेली आणि लकवा झाला. ते छातीतले पाखरू म्हणजे हीच थरथर होती. पंधरा सेकंदांऐवजी पुरते एक मिनिट आम्ही तिच्या नाडीवर बोट ठेवले असते, तर ठोके वेडेवाकडे पडत आहेत हे आमच्या ध्यानात आले असते. ती बोटे उचलण्याची घाई आम्ही केली.

ही हकीकत नाव न घेता सांगायला त्या ताईने संमती दिली आहे. एवढेच नव्हे, "सांगाच," असे ती म्हणाली.

धडधड म्हणजे काय?

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाचे एक लाखाहून अधिक होतात. इतके काम चालू असते आणि आपणांस त्याचा पत्ताही नसतो. जेव्हा स्वतःच्या हृदयाचे ठोके स्वतःला जाणवू लागतात, मग ते जोराने असोत, वेगाने असोत वा वेडेवाकडे असोत, त्या जाणिवेला आपण धडधड म्हणतो. म्हणजे धडधड हा रोग नव्हे, ते एक लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचा असतो, तसाच साध्या सर्दीचाही असतो. धडधडीचेही तसेच आहे.

हृदयाला आकुंचनाचा हुकूम कोण देते? हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. १९०७ साली आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या इंग्लंडमधील दोघा संशोधकांनी त्याचे वर्णन केले. तेथून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो, वरच्या कप्प्यांत पसरतो, मधल्या नाक्यावर क्षणभर थांबतो आणि खालच्या कप्प्यांत उतरतो. पलटणीतील सैनिकांनी नायकाच्या आज्ञेवर एकाच वेळी पाऊल टाकावे तसे हे चालते. धावताना, ताप आल्यावर किंवा भीती वाटल्यावर नायकच वेग वाढवतो. ही शरीराची गरज आहे, तो बिघाड नव्हे. बिघाड होतो तो दुसऱ्याच कोणी मध्येच हुकूम सोडला तर, किंवा संदेशाच्या तारेत आखूड रस्ता तयार होऊन वीज गोल गोल फिरू लागली तर.

पुष्कळ लोक म्हणतात, "माझा ठोका चुकतो." प्रत्यक्षात बहुधा ठोका चुकत नाही, तो वेळेआधी पडतो. घाईने पडलेल्या ठोक्यात रक्त कमी असते, म्हणून तो जाणवत नाही. त्याच्यामागे थोडी विश्रांती येते, तेवढ्यात हृदय अधिक भरते आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. आपणांस वाटते, क्षणभर हृदय थांबले. असे अवेळी ठोके निरोगी माणसांतही आढळतात. हृदय अन्यथा धडधाकट असेल तर बहुतेक वेळा त्यापासून अपाय नसतो. रात्री उशीवर डाव्या कुशीला झोपल्यावर ते अधिक जाणवतात, कारण तेव्हा हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि आजूबाजूला शांतता असते.

नाडी कशी मोजावी?

आजच्या भाषणातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे घरी घेऊन जा. पाच मिनिटे शांत बसा. एका हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हलके ठेवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी बोटाला लागते. घड्याळात पाहून पुरते एक मिनिट मोजा. दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, आकडा किती? दुसरी, चाल कशी आहे? घड्याळाच्या टिकटिकीसारखी सारखी, मधूनच एखादा ठोका गाळणारी, की कोणताच ताल नसलेली?

श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होणे हे लहान मुलांत व तरुणांत स्वाभाविक आहे. नित्य व्यायाम करणाऱ्या तरुणाची नाडी ६० च्या खाली असली आणि त्याला कसलाही त्रास नसला, तर चिंता नाही. परंतु ज्या नाडीला तालच नाही, तिचा आकडा अठ्ठ्याऐंशी असला तरी ती निरोगी नाडी नव्हे.

२०२० च्या कोरोना साथीनंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पडून आहे. त्यातील दुसरा आकडा नाडीचा असतो. त्याचा उपयोग जरूर करा. पण ताल बिघडलेला असेल तर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. हल्लीची मनगटी घड्याळेही नाडी अनियमित असल्याचा इशारा देतात. इशारा मिळाला तर तपासणी करावी, पण इशारा नाही म्हणून आजार नाही असे समजू नये.

हृदयाबाहेरची कारणे

आमच्याकडे धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या हृदयात दोष नसतो. हृदय बिचारे दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीची भरपाई करत असते.

आपल्या स्त्रियांमध्ये पहिला संशय रक्त कमी असण्याचा घ्यावा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी गाडी. गाड्या कमी असल्या की खेपा वाढवाव्या लागतात, म्हणून हृदय जलद चालते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्त कमी समजावे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो काय, जंत आहेत काय, मूळव्याधीतून रक्त जाते काय, हेही पाहावे लागते. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खायचे, ही घराघरातील रीत बदलल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, हे आम्ही येथे बसलेल्या पुरुष मंडळींनाही सांगत आहोत.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी बांधवांत तो आहे, तसा आपल्या समाजातही आहे. वारंवार रक्त कमी होणे, हातपाय दुखणे, डोळे पिवळे होणे आणि त्यासोबत धडधड, असे असेल तर सिकलसेलची चाचणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांत ती होते. लग्नापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांनीही ती करावी. यात लपविण्यासारखे काही नाही.

दुसरे कारण थायरॉईड. धडधडीबरोबर वजन उतरते, भूक असूनही अंग धरत नाही, हात कापतात, उकाडा सोसवत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीने हे कळते. मधुमेहाच्या रुग्णाने औषध घेऊन जेवण टाळले तर साखर उतरते, घाम फुटतो आणि धडधडते. त्याला शुद्ध असेल तर लगेच साखर-पाणी द्यावे. ताप, जुलाब, उन्हाळ्यात अंगातील पाणी कमी होणे यांनीही नाडी वाढते. दम्याचा पंप, सर्दीची काही औषधे, थायरॉईडच्या गोळीची मात्रा जास्त होणे, वजन उतरवण्याच्या जाहिरातीतील गोळ्या यांनीही धडधडते. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्यांना विचारून बदलून घ्यावे.

आता विद्यार्थी मित्रांसाठी. स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेतील मुले आमच्याकडे येतात. "छातीत धडधडते, हार्ट अटॅक तर नाही ना?" म्हणून विचारतात. आम्ही विचारतो, दिवसाला चहा किती? आठ-दहा कप. झोप किती? चार तास. खर्रा? मग मान खाली जाते. मित्रहो, खर्ऱ्यात तंबाखू आहे आणि तंबाखूतील निकोटीन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. जागरणासाठी प्यायची डबाबंद पेये आणि व्यायामशाळेतील पावडर यांत कॅफीन भरपूर असते. दारूने तर निरोगी तरुणाच्या हृदयाचाही ताल बिघडू शकतो. तुमच्यापैकी अनेकांची धडधड पंधरा दिवस खर्रा बंद, चहा दोन कप आणि सात तास झोप एवढ्यानेच कमी होते. हा आमचा रविवारचा अनुभव आहे.

'मनाचे आहे' हे शेवटी म्हणावे

चिंता, दुःख, भीती यांनी धडधड होते, हे खरेच आहे. काहींना अचानक भीतीचा झटका येतो. छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता आपण मरणार असे वाटते. दहा-पंधरा मिनिटांत तो ओसरू लागतो. हे ढोंग नव्हे. तो आजार आहे आणि त्याला चांगले उपचार आहेत. अशा माणसाला "मन घट्ट कर" एवढेच सांगून सोडून देणे हा अन्याय आहे.

पण त्याहून मोठा अन्याय दुसरा आहे. हृदयाचा खरा आजार असलेल्या माणसाला मनाचा रोगी ठरवणे. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयाच्या अचानक वेगाचा आजार असलेल्या १०७ रुग्णांची माहिती तपासली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखला गेला नव्हता. 'हे मनाचे आहे' असा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर अधिक वेळा बसला होता. आमच्या त्या ताईवर आम्हीही तोच शिक्का मारला होता. नवरा वारलेला, पैशाची ओढाताण, म्हणजे टेन्शन असणारच, असे आम्ही धरून चाललो. गरीब बाईच्या आयुष्यात चिंता नेहमीच सापडते. ती सापडली म्हणून शोध थांबवायचा नसतो. आधी नाडी, रक्त आणि ई.सी.जी. पाहावा. सारे ठीक निघाले तर मग मनाकडे वळावे.

हृदयातील कारणे

पहिला प्रकार अचानक सुरू होऊन अचानक थांबणाऱ्या वेगाचा. दिव्याचे बटण दाबावे तसा तो लागतो आणि तसाच विझतो. नाडी १५० ते २५० पर्यंत जाते, पण ताल सारखा असतो. तारेतील आखूड रस्त्यामुळे हे घडते. तरुण मुलामुलींतही हे दिसते. बहुतेकांच्या जिवाला यात धोका नसतो. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून तो आखूड रस्ता जाळून टाकता येतो आणि बहुतेकांचा आजार कायमचा जातो.

दुसरा प्रकार वरच्या कप्प्याच्या थरथरीचा. नाडीला ताल राहत नाही. वय झालेल्या माणसांत, रक्तदाबाच्या आणि थायरॉईडच्या रुग्णांत हा होतो. आपल्याकडे झडप आकसलेल्या तरुण स्त्रियांतही होतो. लकव्याची शक्यता या थरथरीने सुमारे पाचपट होते, आणि झडप आकसलेली असेल तर त्याहूनही अधिक. रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाने ती पुष्कळ कमी करता येते. झडप आकसलेल्या रुग्णांसाठी जुने, रक्ताची वरचेवर तपासणी करावी लागणारे औषधच नव्या औषधापेक्षा सरस ठरले, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. म्हणून शेजाऱ्याची गोळी पाहून आपली गोळी बदलू नये, आणि रक्ताची तपासणी चुकवू नये.

या झडपेच्या आजाराचे मूळ लहानपणीच्या घसादुखीत असते. ५ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना एका विशिष्ट जंतूमुळे घसा दुखतो. तो पुरता बरा केला नाही तर काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, एक सांधा बरा होतो तोच दुसरा धरतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर व्रण राहतो. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात तेथे हा जंतू लवकर पसरतो. म्हणजे हा आजार जंतूचा आहे, तसाच घरांच्या टंचाईचाही आहे. ज्या मुलाला असा ताप येऊन गेला, त्याला दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकवू नका. शाळांतून २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या आजाराचाही समावेश आहे. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

तिसरा प्रकार खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या वेगाचा. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेला असेल, हृदयाचा स्नायू दुबळा किंवा जाड झालेला असेल, अशांना हा होतो. यात क्षणार्धात शुद्ध जाऊन प्राणही जाऊ शकतो. येथे वाट पाहण्याला जागा नाही.

धावावे केव्हा?

पुढील गोष्टी लिहून घराच्या भिंतीवर लावाव्यात, अशी आमची विनंती आहे.

तात्काळ, रात्र असो वा दिवस, मोठ्या रुग्णालयात न्यावे :

१. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायची वेळ आली तर.
२. छातीत दाब किंवा दुखणे, घाम, श्वास लागणे यांपैकी काही असेल तर.
३. धावताना, ओझे उचलताना, खेळताना ऐन श्रमात धडधड होऊन चक्कर आली तर.
४. शांत बसूनही नाडी १२० च्या वर राहते आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरत नाही तर. १५० च्या वर असेल तर तेवढेही थांबू नये.
५. पूर्वी हृदयविकार झालेला आहे, झडपेचा आजार आहे, आणि आता नव्याने धडधड सुरू झाली तर.
६. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत धडधडीबरोबर दम लागत असेल, आडवे झोपवत नसेल तर.
७. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर. लकव्यात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून झाडपाल्यात आणि मालिशीत वेळ घालवू नये.

दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवावे : नाडीला ताल नसेल, धडधड पुन्हा पुन्हा येत असेल, वजन उतरत असेल, फिकेपणा असेल, लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असेल, किंवा घरात कोणी चाळिशीच्या आत एकाएकी वारले असेल तर.

घरी पाहत राहिले तरी चालेल : एखाद-दुसरा ठोका जोराने पडतो, सेकंदभरात जातो, श्रमाने वाढत नाही, दुसरा काही त्रास नाही, तर. तरी पुढच्या रविवारी येऊन नाडी दाखवून जावी.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. मैदानावर १६०० किंवा ८०० मीटर धावताना कोणी चक्कर येऊन पडले, तर "उपाशी धावली असेल" म्हणून पाणी पाजून पुन्हा धावायला लावू नका. ऐन धावताना शुद्ध जाणे ही गंभीर बाब आहे. ई.सी.जी. आणि हृदयाची सोनोग्राफी होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत धावणे बंद. भरती पुढच्या वर्षी पुन्हा निघेल.

वाट पाहताना काय करावे?

धडधड सुरू होताच बसावे किंवा आडवे व्हावे, कपडे सैल करावेत. नाडी मोजून वेळेसह लिहावी. अचानक वेगाचा आजार आहे असे डॉक्टरांनी निदान केलेले असेल, तर नाक-तोंड बंद करून शौचाला कुंथावे तसा पंधरा सेकंद जोर लावावा, लगेच आडवे होऊन दुसऱ्या कोणाकडून पाय वर उचलून धरून घ्यावेत. काहींचा वेग याने उतरतो. तोंडावर थंड पाण्याचा हबका मारण्यानेही कधी उतरतो. मान दाबू नये. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर हे प्रयोग करत बसू नये. मोटारसायकलवर स्वतः बसून रुग्णालयात जाऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, तो क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावा.

माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. कांदा हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे यात ते पहिले मोलाचे क्षण जातात.

डॉक्टरांना काय सांगावे?

"धडधडते" एवढेच सांगू नका. पाच गोष्टी सांगा. सुरुवात अचानक की हळूहळू? किती वेळ राहते? तेव्हा नाडी किती होती, ताल होता की नव्हता? आपण त्या वेळी काय करत होता? बरोबर आणखी काय होते? शक्य असेल तर टेबलावर बोटाने ठोकून ताल करून दाखवा. त्यानेही डॉक्टरांना पुष्कळ कळते.

दुसरे, ई.सी.जी. विषयी एक गैरसमज आहे. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोव्हेन या शास्त्रज्ञाने हे यंत्र घडवले आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा कागद सुमारे दहा सेकंदांचीच हकीकत सांगतो. धडधड थांबल्यावर काढलेला ई.सी.जी. चांगला आला, म्हणजे आजार नाही असे होत नाही. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन तो काढून घ्यावा आणि तो कागद जन्माच्या दाखल्याप्रमाणे जपून ठेवावा. गरज वाटल्यास डॉक्टर २४ तास अंगावर बांधायचे यंत्र लावतात. अशी पट्टी लावून दिवसभर नेहमीची कामे करावीत, घरात पडून राहू नये.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ लोक घरी बसतात. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत होते. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून विचारावे. अर्ज भरण्यास अडचण आली तर संस्थेचे कार्यकर्ते बरोबर येतील. विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे, असे आमचे सांगणे आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकले, त्या घरातील शिक्षणाचा उपयोग आईचा केसपेपर नीट वाचण्यासाठी व्हायला नको काय?

समारोप

ती ताई आज आहे. झडपेवर उपचार झाले, रक्त पातळ ठेवण्याची गोळी ती नियमाने घेते. बोलणे बरेचसे परत आले. उजव्या हाताने पोळी लाटणे मात्र आता तिला जमत नाही, आणि तेच तिच्या पोटाचे साधन होते. मागच्या महिन्यात ती येथे आली होती. आम्ही तिच्या मनगटावर बोटे ठेवली तेव्हा ती हसून म्हणाली, "आता पुरं मिनिट मोजा, साहेब." त्या दिवसापासून या सभागृहात प्रत्येकाची नाडी पुरते एक मिनिट मोजली जाते, रांग कितीही लांब असो. आपणही आम्हाला घाई करू देऊ नका. आम्ही बोटे लवकर उचलली, तर आम्हाला टोका.

आता भाषण संपवण्यापूर्वी एक काम करू. आपापल्या शेजारी बसलेल्या माणसाचे मनगट हातात घ्या. समोरच्या घड्याळाकडे पाहा. एक मिनिट कोणी बोलणार नाही. ज्यांना ताल वेडावाकडा वाटेल त्यांनी घाबरू नये, सभा संपल्यावर मागच्या टेबलाशी यावे, आम्ही तेथे आहोत.